क्रेटर लेकच्या काठावर, कुणाच्यातरी घरी: फोर्ट पोर्टलच्या फॅमिली लॉजवर पहिल्यांदा जाताना

आफ्रिकन सफारी म्हटलं की आपल्याकडे थेट मसाई मारा नाहीतर सेरेंगेटीच डोळ्यापुढे येतं. पश्चिम युगांडाचं नाव निघतं ते फार तर गोरिलांमुळे, आणि ते बघून लोक परततात. पण फोर्ट पोर्टल शहराच्या दक्षिणेला न्दाली-कासेंडा नावाचा पट्टा आहे, टेकड्यांच्या मधे मधे खोल खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक तळं, आणि त्या तळ्यांच्या काठावर काही लॉज असे आहेत की जे कुठल्या कंपनीचे नाहीत, एक कुटुंब चालवतं, मालक तिथेच राहतात, त्यांची कुत्री तुमच्या पायाशी येऊन झोपतात आणि रात्रीचं जेवण बऱ्याचदा सगळे एकाच टेबलावर घेतात. मला विचाराल तर आफ्रिकेत राहायला ह्याच्यापेक्षा छान प्रकार नाही. फक्त हॉटेलच्या सवयी घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी चिडचिड होईल. इथे तुम्ही आधी पाहुणे आणि मग गिऱ्हाईक, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, म्हणून हा लेख थोडा क्रमाने लिहितोय.

आधी जागा काय आहे ते बघा

ही तळी ज्वालामुखीची आहेत, पण उंच शंकूसारखा डोंगर वगैरे शोधू नका. जमिनीखालून वर येणारा तप्त लाव्हारस भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि जमीन फुटली, त्यामुळे डोंगर न होता नुसता खड्डा राहिला आणि पुढे त्यात पाणी साठलं. आपलं लोणार वरून आदळलेल्या उल्केने झालं, इथलं सगळं खालून झालंय. म्हणून काठ सरळसोट उतरतात आणि पाणी काठापासूनच खोल होतं, हे नंतर पोहण्याच्या वेळी कामाला येईल.

न्याबिकेरे, न्कुरुबा, न्यिनाम्बुगा, कासेंडा, लियांटोंडे अशी नावं ऐकायला मिळतील. ह्यातलं न्यिनाम्बुगा युगांडाच्या वीस हजार शिलिंगच्या नोटेवर आहे, तेव्हा तिथे पोचलात की खिशातून नोट काढून ताडून बघा, सगळेच बघतात. उंची दीड हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही रात्री स्वेटर लागतो. आपल्याकडचे लोक 'आफ्रिका म्हणजे गरम' असं धरून नुसते टीशर्ट भरतात आणि मग जेवणाच्या टेबलावर बेडवरची चादर पांघरून बसतात.

पाऊस साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडे, पण जंगल आहे, कधीही येतो. पावसाळ्यात दर कमी असतात आणि हिरवळ बघण्यासारखी, मात्र कच्चे रस्ते लाल चिखलाचे होतात आणि तिथे साध्या गाडीचं काही चालत नाही.

परमिट आधी, लॉज नंतर

बहुतेकजण उलटं करतात. ह्या भागात येण्याचं मोठं कारण म्हणजे किबाले नॅशनल पार्कमधले चिंपांझी, लॉजवरून कान्यांचूच्या गेटपर्यंत गाडीने फार लांब नाही, आणि चिंपांझी बघायचं परमिट मोजकंच असतं. युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटी ते देते आणि परदेशी पर्यटकांसाठी त्याचा दर दोनशे डॉलरच्या वर आहे, अडीचशे धरूनच बजेट करा आणि बुकिंगच्या वेळी चालू दर विचारा. आधी परमिटची तारीख हातात घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लॉजच्या रात्री लावा. बरेच लॉजवाले परमिट काढून देतात, थोडं शुल्क घेतात, पण देऊन टाका, डोक्याचा ताप वाचतो. वयाची अट असते, लहान मुलं चालत नाहीत, तेव्हा मुलं बरोबर असतील तर त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण थांबणार हे घरूनच ठरवून निघा.

रात्री किती? कमीत कमी तीन. एक रात्र राहून पळणाऱ्यांची मला खरंच कीव येते, पहिला दिवस प्रवासात जातो, दुसरा चिंपांझींमध्ये, आणि तळं, गाव, मालकांशी गप्पा हे सगळं तिसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

लॉजला काय काय विचारायचं

छोट्या लॉजची वेबसाइट बघून अंदाज बांधू नका, फोटो कधीकधी फार जुने असतात. सरळ ईमेल करा नाहीतर व्हॉट्सॅप. उत्तर बहुतेक वेळा मालक किंवा मालकीणबाईच देतात, आणि एखादा दिवस उशीर झाला तर धीर धरा, तिथे रिसेप्शन नावाचा प्रकारच नाही. दरात काय काय आलं ते नीट विचारा. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही जेवणं, हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं, पण पेयं, कपडे धुणं, गाइडबरोबर फिरणं हे धरलंय की वेगळं, ते प्रत्येक ठिकाणी निराळं. वीज सोलरवर आहे का, खोलीत चार्जिंगचा प्लग आहे का की सगळ्यांनी फोन बैठकीच्या खोलीत लावायचे, गरम पाणी कसं येतं, हेही विचारा. आणि आईवडील बरोबर असतील तर खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या किती हे विचाराच, कारण लॉज खड्ड्याच्या कडेवर बांधलेले असतात आणि कॉटेजेस उतारावर, जेवायला जायचं तर चढ आणि परत यायचं तर अंधारात उतार, गुडघेदुखीवाल्यांना ते जड जातं.

ॲडव्हान्स मागतील, बहुधा बँक ट्रान्सफरने. रद्द केलं तर किती परत मिळणार ते लिहून घ्या. छोट्या लॉजला एक खोली ऐनवेळी रिकामी गेली तरी चांगलाच फटका बसतो, त्यामुळे ते ह्यात जरा कडक असतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

व्हिसा, लस, पैसे

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो, साधा टुरिस्ट व्हिसा पन्नास डॉलरचा. अर्ज युगांडा सरकारच्या साइटवरच करा, पत्त्याच्या शेवटी 'जीओ डॉट यूजी' आहे ना बघा, कारण तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट्स दुप्पट पैसे घेतात. केनिया किंवा रवांडाही करणार असाल तर तिन्ही देशांचा मिळून शंभर डॉलरचा ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा आहे, तो पडताळून बघा.

यलो फीवरची लस सक्तीची आहे आणि ती कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यायची आणि तिथलं पिवळं पुस्तक घ्यायचं. घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणजे आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, तिथे मलेरिया आहे आणि 'मला डास चावत नाहीत' हे कुणालाही सांगत बसू नका.

पैसे म्हणजे डॉलर आणि शिलिंग दोन्ही ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या, दुमड नसलेल्या, जुन्या सालच्या नोटा एकतर घेत नाहीत किंवा कमी भावाने घेतात, आपल्याकडच्या मनीचेंजरला काउंटरवरच सांगा की मला सगळ्या नव्या हव्यात. एका डॉलरला साडेतीन हजार शिलिंगच्या आसपास मिळतात, म्हणजे हातात लगेच लाखो येतात आणि पहिले दोन दिवस हिशेबात गोंधळ होतो. एटीएम फोर्ट पोर्टलमध्ये आहेत, तळ्यांकडे वळल्यावर विसरा, म्हणून शहरातूनच काढून घ्या. सिमकार्ड एअरपोर्टवरच घ्या, एमटीएन किंवा एअरटेल. एअरटेल आपलंच, पण इथलं सिम तिथे आपोआप स्वस्तात चालेल असं समजू नका. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे, ॲडॉप्टर न्या. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

रस्ता

विमान एन्टेबेला उतरतं. मुंबईहून युगांडा एअरलाइन्सची थेट सेवा 2023 मध्ये सुरू झाली, तिचं सध्याचं वेळापत्रक बघा, नाहीतर आखाती शहरांवरून किंवा आदिस अबाबावरून आहेच. पहिली रात्र एन्टेबेलाच काढा आणि सकाळी लवकर निघा. कंपाला, मित्याना, मुबेंडे, क्येनजोजो करत फोर्ट पोर्टल, कंपालापासून तीनशे किलोमीटर. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, पण कंपालातून बाहेर पडायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही आणि प्रत्येक गावाला स्पीडब्रेकरच्या रांगा, त्यामुळे मॅप पाच तास म्हणाला तर सहा-सात धरा. वाटेत भाजलेलं गोड केळं मिळतं, गोंजा म्हणतात, शाकाहाऱ्यांनी तेच खावं, गाडीच्या खिडकीत मांसाच्या काड्याही येतील.

स्वस्तात जायचं तर कंपालाहून फोर्ट पोर्टलला मोठ्या बसेस आहेत, आणि तिथून लॉजला सांगून गाडी मागवायची. बोडा-बोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी सगळीकडे आहेत पण सुटकेस घेऊन मुरमाच्या रस्त्यावरून नको. आणि काहीही झालं तरी अंधार पडायच्या आत पोचा. विषुववृत्तावर सात वाजले की दिवस एकदम बंद होतो, आपल्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ नसते, आणि शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरला पाट्याही नसतात. मॅपवर विसंबण्यापेक्षा लॉजने पाठवलेलं वाटेचं वर्णन प्रिंट करून ठेवा, 'चर्चनंतर डावीकडे' छापाचं असतं आणि तेच खरं असतं.

पोचल्यावर

उतरल्या उतरल्या चेक-इन, पासपोर्टची झेरॉक्स, वायफायचा पासवर्ड असं सुरू करू नका. थोडं बसा. इथे माणसाला आधी नीट विचारपूस करायची पद्धत आहे, कसे आहात, प्रवास कसा झाला, घरचे कसे आहेत, आणि ती टाळून कामाचं बोलणं उद्धट दिसतं. हा तोरो राज्याचा भाग, इथे अजून राजा आहे, ओमुकामा ओयो, 1995 मध्ये तीन वर्षांचा असताना गादीवर बसला होता. इथल्या लोकांत एम्पाको नावाची प्रथा आहे, प्रत्येकाला जन्मनावाशिवाय आदराने-मायेने हाक मारायचं ठराविक डझनभरातलं एक नाव असतं, अमोती, आकीकी, अत्वोकी, अबवोली असं, आणि युनेस्कोने 2013 मध्ये ती प्रथा जपायला हवी अशा यादीत घेतली. स्वयंपाकघरातल्या बाईंना त्यांची एम्पाको विचारून त्या नावाने हाक मारा, पुढचे सगळे दिवस तुमचे मजेत जातील. त्या तुम्हालाही एक देऊन टाकतील. धन्यवादाला वेबाले. रस्त्यातली पोरं मुझुंगू ओरडतात ते गोऱ्यांना, आपल्याला बघून मुयिंदी, म्हणजे भारतीय, वाईट वाटून घेऊ नका, हात हलवा.

रात्रीचं म्हणाल तर बहुतेक लॉजवर अस्कारी असतो, म्हणजे राखणदार. जेवण झालं की तो टॉर्च घेऊन खोलीपर्यंत सोडायला येतो, 'मी जाईन एकटा' असं शौर्य दाखवू नका, बिचाऱ्याला तुमच्यामागे लांबून चालत यावं लागतं. मच्छरदाणी संध्याकाळी कुणीतरी येऊन सोडून ठेवतं, ती परत वर करू नका. खोलीचं दार दिवसा उघडं टाकलंत तर माकडं आत येतात, बिस्किटांची पिशवी चेन लावून सूटकेसमध्ये. पाहुण्यांनी खायला घातलेलं माकड पुढच्या पाहुण्यांच्या अंगावर जातं आणि मग त्याचं काय होतं ते मालकांना विचारून बघा.

आंघोळ आणि जेवण

सोलरच्या विजेवर पाण्याचा हीटर बहुधा चालत नाही. जुन्या पद्धतीच्या लॉजवर खोलीमागे विटांच्या चुलीवर लोखंडी पिंप ठेवलेलं असतं, संध्याकाळी पाच-साडेपाचला कुणीतरी लाकडं पेटवतं, आणि पाणी तापलं की पाइपमधून येतं, किंचित धुराचा वास असलेलं, आपल्या बंबाच्या पाण्यासारखंच. वेळ ठरलेली असते, ती सांभाळा. सकाळी गरम पाणी हवं तर आदल्या रात्री सांगा. काही ठिकाणी बाहेर कापडी पिशवीचा शॉवर असतो, हाक मारली की वरून बादली ओततात, साबण लावून झाल्यावर पाणी संपतं, तेव्हा जरा जपून.

जेवणाबद्दल आपल्या लोकांना सगळ्यात जास्त काळजी, पण खरंतर शाकाहाऱ्यांचं इथे फार अडत नाही, फक्त बुकिंगच्या वेळी स्पष्ट लिहा की मासे नको, चिकन नको, मांसाच्या रश्श्यातून तुकडे काढून दिलेलंही नको, अंडं चालतं की नाही. 'व्हेज' एवढाच शब्द लिहिला तर ताटात तिलापिया मासा येऊ शकतो, आणि त्यांनी प्रेमानेच केलेला असतो. मातोके म्हणजे कच्च्या केळ्यांचा वाफवून केलेला गोळा, त्याबरोबर शेंगदाण्याची दाट आमटी, राजम्यासारख्या बीन्स, पोशो म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, अव्होकाडो तर बागेतलेच. शेंगदाण्याच्या आमटीत तिखट नसतं, आपलं तिखट बरोबर घेऊन जा, पण मालकीणबाईंनी वाढल्यावर पहिला घास चाखायच्या आधी वरून चटणी ओतू नका हो. चपाती सगळीकडे मिळते, पूर्व आफ्रिकेत गेलेल्या आपल्या भारतीयांबरोबर ती तिथे गेली आणि आता पूर्ण त्यांची झालीय, ऑम्लेट गुंडाळलेली चपाती रस्त्यावर रोलेक्स म्हणून विकतात.

चहाचं एक गुपित सांगतो. फोर्ट पोर्टलभोवती चहाचे मळेच मळे आहेत, तरी नुसतं 'टी' म्हटलं तर गरम पाणी आणि पिशवी येईल. 'आफ्रिकन टी' मागा, दुधात उकळलेला, आलं घातलेला. आपल्या चहाबाजांचा जीव भांड्यात पडतो.

सगळे एका टेबलावर जेवत असतील तर वेळेवर जा, आठ म्हणजे आठ. ड्रिंक्सची वही असते, आपल्या नावापुढे आपणच लिहायचं.

चिंपांझींचा दिवस

पहाटे खोलीबाहेर चहाचा ट्रे येतो. डबा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. फुल पॅंट, फुल बाह्या, पॅंटचे पाय मोज्यात खोचलेले, हे विनोदी दिसतं पण किबालेत मुंग्यांच्या रांगा असतात आणि त्या पॅंटमधून वर चढल्या की माणूस सगळ्यांसमोर नाचतो. बागकामाचे हातमोजे असतील तर घ्या, रेनकोट नक्की.

किबाले साधारण 795 चौरस किलोमीटरचं, 1993 पासून नॅशनल पार्क, माकडवर्गातल्या तेरा जाती इथे आहेत. गेटवर माहिती देऊन गट पाडतात, रेंजर पुढे, तुम्ही मागे. कधी वीस मिनिटांत दिसतात, कधी तीन तास चालावं लागतं. दिसायच्या आधी ऐकू येतात, लांबून हू-हू चढत चढत जातं आणि एकदम किंकाळ्या, मग एखादा नर झाडाच्या भिंतीसारख्या रुंद मुळांवर हातापायांनी धडाधड बडवतो, तो आवाज छातीत जाणवतो. सापडल्यावर एक तास. मास्क लावायचा, अंतर ठेवायचं, समोर खायचं नाही. सर्दी-खोकला असेल तर जाऊ देत नाहीत आणि लपवूही नका, आपल्या साध्या सर्दीने चिंपांझी मरतात. फोटोंचं म्हणाल तर खाली अंधार आणि वर उजेड, त्यामुळे निम्मे काळेच येतात, शेवटची पंधरा मिनिटं तरी कॅमेरा खाली ठेवा.

दुपारी अंगात बळ असेल तर जवळच बिगोडीची पाणथळ जागा आहे, गावातल्या लोकांची संस्था 1992 पासून चालवते, तिथले गाइड गावचेच, आणि तुमचे पैसे गावातच राहतात. ग्रेट ब्लू टुराको नावाचा कोंबड्याएवढा निळा पक्षी तिथे बघून घ्या. पक्षीवाल्यांनी तर चिंपांझींपेक्षा बिगोडीलाच जास्त वेळ द्यावा असं माझं मत.

उरलेले दिवस

एक दिवस काहीच ठरवू नका. मालकांना विचारा की आज चालत कुठे जाऊ, ते गावातला एखादा मुलगा बरोबर देतील, आणि तळ्यांच्या कडांवरून केळीच्या बागा, व्हॅनिलाचे वेल, शाळा असं करत दोन-तीन तळी होतात. आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेला र्वेंझोरीच्या रांगा दिसतात, त्यातलं मार्गेरिटा शिखर 5,109 मीटर, विषुववृत्ताजवळ असून बर्फाचं. पण ते पहाटेच, नऊ वाजले की ढग येऊन बसतात. पोरांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेला काय हवं ते मालकांना विचारा, बहुतेक लॉजचं जवळच्या शाळेशी काही ना काही नातं असतंच.

पोहायचं असेल तर आधी विचारा, प्रत्येक तळं वेगळं. बिल्हार्झिया, म्हणजे पाण्यातल्या कृमींमुळे होणारा आजार, आहे का, पाणघोडा आलाय का, उतरायची जागा कुठली. धक्क्यावरून पहिल्या पावलालाच तळ लागत नाही, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेटशिवाय नको, आणि एकट्याने तर कुणीच नको.

मोठे प्राणी बघायचे तर इथून दोनेक तासांवर क्वीन एलिझाबेथ नॅशनल पार्क. जाऊन-येऊन एका दिवसात होतं पण दमछाक होते, त्यापेक्षा पुढची एक-दोन रात्र तिकडे काढा. जॉर्ज आणि एडवर्ड सरोवरांना जोडणाऱ्या काझिंगा चॅनलमध्ये दुपारची बोट घ्या, पाणघोडे, म्हशी, हत्ती अगदी काठावर, आणि काट्वेच्या खाऱ्या क्रेटर लेकमध्ये लोक वाफे करून मीठ काढतात तेही बघा, आपली मिठागरं आठवतील. काँगोची सीमा जवळ आहे, त्यामुळे जाण्याआधी भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा आणि लॉजवाल्यांना परिस्थिती विचारा, त्यांना खरी माहिती असते.

निघताना

आदल्या रात्रीच हिशेब मागा. कार्ड मशीन असलं तरी नेटवर्क असेलच असं नाही, त्यामुळे रोख तयार ठेवा. टिप एकेकाच्या हातात न देता पेटीत टाका, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही पोचते. माणशी दिवसाला पाच ते दहा डॉलर ही साधारण रीत, शिलिंगमध्ये दिलंत तर त्यांना बरं. तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरची आणि पार्कच्या रेंजरची टिप वेगळी.

काही आवडलं नसेल तर तिथेच, मालकांना, शांतपणे सांगा. घरी येऊन एक स्टार देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण उशी बदलून हवी होती हे सांगितलं असतं तर पाच मिनिटांत बदलली असती.

रात्रीचं विमान असेल तर सकाळी सातलाच निघा, कंपालाची संध्याकाळची वाहतूक विमान चुकवते. आणि यलो फीवरचं पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पाउचमध्ये ठेवा. मुंबईला उतरल्यावर आरोग्य विभागाच्या काउंटरवर ते दाखवावं लागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, मग बाहेर घ्यायला आलेले घरचे कितीही फोन करोत.